पीएचसीच्या ओपीडीत गर्भनिरोधकासाठी फोनवर कोणतं अ‍ॅप ठेवू, आणि पेशंटसमोर ते उघडलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की नागपूर जिल्ह्यातल्या एका पीएचसीत नुकत्याच रुजू झालात, पाळणा लांबवायला येणाऱ्या बायकांत कुणाला बीपी, कुणाची टीबीची ट्रीटमेंट चालू, कुणी सिकलसेलवाली, आणि कुणाला काय चालतं हे दरवेळी डोक्यात राहत नाही. आणि फोन काढून बघितलं तर 'या मॅडमला काही येत नाही' असं पेशंटला वाटेल का, ही धास्ती. मी नागपुरातच स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हे अ‍ॅप ओपीडीत रोज उघडते, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी सरळ उत्तर. दोन अ‍ॅप ठेवा, दोन्ही फुकट आहेत. एक जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणजे डब्ल्यूएचओचं कॉन्ट्रासेप्शन टूल, दुसरं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं, ज्यात त्यांचं एमईसी आणि एसपीआर दोन्ही आहे. एमईसी म्हणजे कोणत्या बाईला कोणतं साधन सुरक्षित आहे ते, आणि एसपीआर म्हणजे ते साधन द्यायचं कसं, कधी सुरू करायचं, गोळी राहिली तर काय, इंजेक्शनला उशीर झाला तर काय. प्ले स्टोअरवर नुसतं कॉन्ट्रासेप्शन टाकलं तर पाळीचे दिवस मोजणारी ढीगभर अ‍ॅप येतात, ती आपल्या कामाची नाहीत, त्यामुळे अ‍ॅप काढणारं कोण आहे ते बघूनच इन्स्टॉल करा. आणि तुमच्या पीएचसीच्या ड्रॉवरमध्ये कुठेतरी आपल्या आरोग्य मंत्रालयाचं गोल फिरवायचं एमईसी चक्र पडलेलं असेल, ते शोधा, पुसून टेबलावर ठेवा, लाइट गेली आणि फोन बंद पडला तरी ते चालतं.

आता माझं खरं म्हणणं. हे अ‍ॅप 'हो' म्हणताना उघडायचं असतंच, पण त्याहून जास्त 'नाही' म्हणायच्या आधी उघडायचं. आपल्याकडे बायकांचं नुकसान चुकीची गोळी दिल्याने होतं तसंच विनाकारण परत पाठवल्यानेही होतं, आणि हे दुसरं नुकसान कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. मूल झालेलं नाही म्हणून तांबी नाही, वजन कमी आहे म्हणून इंजेक्शन नाही, सोनोग्राफी करून या मग गोळी देते, पाळी आली की या. हे सगळं आपण सिनियरकडून ऐकून ऐकून म्हणायला लागतो. अ‍ॅप उघडून बघा, मूल न झालेल्या बाईला तांबी श्रेणी २ आहे, म्हणजे देता येते. गोळी सुरू करायला सोनोग्राफी लागत नाही, हिमोग्लोबिनही लागत नाही, आतून तपासणीही लागत नाही, एकत्रित गोळीसाठी, म्हणजे जिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही हार्मोन असतात तिच्यासाठी, फक्त बीपी मोजायचं. तांबीसाठी आतून तपासणी लागते, तेवढंच.

श्रेण्या तुम्हाला माहीत असतीलच पण पुन्हा सांगते कारण इथे घोळ होतो. १ म्हणजे काही अडचण नाही. २ म्हणजे धोक्यापेक्षा फायदा जास्त, द्या. ३ म्हणजे धोका सहसा जास्त, दुसरं काहीच मिळत नसेल किंवा तिला पटतच नसेल तरच, आणि तेही नीट विचार करून, लक्ष ठेवून. ४ म्हणजे नाही. जिथे तपासायला डॉक्टर नाही, सबसेंटरला सीएचओ (आरोग्य अधिकारी) किंवा एएनएम (नर्स) हीच बसलेली आहे, तिथे डब्ल्यूएचओ सोपं करून सांगते, १ आणि २ ला हो, ३ आणि ४ ला नाही. यात लोकांची एक गैरसमजूत फार असते की १ वालं साधन २ वाल्यापेक्षा चांगलं, म्हणून तेच द्यायचं. तसं नाहीये. हा आकडा फक्त सुरक्षिततेचा आहे, पसंतीचा नाही आणि साधन किती भरवशाचं त्याचाही नाही. एखादीला तांबी २ येत असेल आणि गोळी १ येत असेल पण रोज आठवणीने गोळी घेणं तिच्या घरात शक्य नसेल, सासूच्या नजरेसमोर पाकीट ठेवायला जागा नसेल, तर तिच्यासाठी तांबीच बरी. हे अ‍ॅप सांगणार नाही, ते तिलाच विचारावं लागतं.

अजून एक, काही ठिकाणी दोन आकडे दिसतील, सुरुवातीचा वेगळा आणि चालू ठेवायचा वेगळा. हे नीट वाचा. ओटीपोटात इन्फेक्शन म्हणजे पीआयडी चालू असेल तर नवीन तांबी बसवायला ४, पण आधीपासून बसवलेली असेल तर २, म्हणजे अँटिबायोटिक द्या आणि तांबी राहू द्या, लगेच ओढून काढायची गरज नाही. किती बायकांची चांगली तांबी नुसत्या पांढरं जातंय या तक्रारीवर काढली जाते, बघून वाईट वाटतं, आणि मग वर्षभराच्या आत ती दिवस गेले म्हणून परत येते.

टीबीचं सांगते, कारण ते तुमच्याकडे येणारच. कुहीकडची एक बाई, कापूस वेचायला जाणारी, धाकटं पोरगं दोन वर्षांचं, प्लास्टिकच्या पिशवीत एकेटीच्या म्हणजे टीबीच्या गोळ्या आणि त्यातच माला-एनचं म्हणजे सरकारी एकत्रित गोळीचं पाकीट घेऊन आली होती. म्हणाली, "मॅडम, या गोळ्या रोज घेते ना मी, एकबी चुकवत नाही, मंग या महिन्यात पाळी काऊन नाही आली?" टेस्ट निगेटिव्ह आली, पण तिचा प्रश्न बरोबर होता. एकेटीत रिफॅम्पिसिन असतं आणि ते लिव्हरला असं कामाला लावतं की गोळीतलं हार्मोन शरीरात टिकतच नाही, म्हणजे बाई इमानदारीने गोळी घेत राहते आणि संरक्षण अर्धवटच. अ‍ॅपमध्ये रिफॅम्पिसिन टाकलं की एकत्रित गोळीला ३ येतं, नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळीलाही ३, इम्प्लांटला म्हणजे दंडात बसवायच्या काडीला २, पण इंजेक्शनला १ आणि तांबीला १. मी फोन तिच्याकडे वळवला, बोटाने दाखवलं की बघा ताई, तुमच्या टीबीच्या औषधासोबत ही गोळी जमत नाही, हे इंजेक्शन जमतं, तांबीपण जमते. तिने दोन्हीचं विचारलं, तांबीने अंगावरून जास्त जाईल का, इंजेक्शनने पाळी बंद होते ते खरं का, आणि मग अंतरा, म्हणजे आपल्या सरकारी पुरवठ्यातलं ते इंजेक्शन, घेतलं. एकेटी संपली तरी पुढचा महिनाभर रिफॅम्पिसिनचा असर राहतो, तेही सांगून ठेवलं, कारण संपल्या दिवशीच परत गोळीवर जायचं बायकांच्या डोक्यात असतं. यात एक तपासायचं म्हणजे टीबी कुठला आहे. फुफ्फुसाचा असेल तर तांबीला हरकत नाही, पण गर्भाशयाचा किंवा ओटीपोटातला असेल तर नवीन तांबी श्रेणी ४.

फिटच्या औषधांचंही तसंच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असेल तर गोळी ३, इंजेक्शन १. नेहमीच्या अँटिबायोटिकने मात्र काही होत नाही, ते १ आहे, घशाला अँटिबायोटिक दिलं म्हणून गोळी बंद करायला सांगू नका.

आता सिकलसेल, आणि इथे विदर्भातल्या डॉक्टरने दोन्ही अ‍ॅप का ठेवायची ते कळेल. डब्ल्यूएचओच्या २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत सिकलसेलच्या रुग्णाला एकत्रित गोळी श्रेणी २ आहे, म्हणजे देता येते. सीडीसीच्या २०२४ च्या यादीत तीच गोळी त्याच आजारात श्रेणी ४ आहे. दोन अ‍ॅप, एकच बाई, एकाचं हो आणि एकाचं साफ नाही. सीडीसीचंही २०१६ मध्ये २ च होतं, नंतर त्यांनी बदललं, कारण सिकलसेलमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त आणि गोळीतलं इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. इंजेक्शनलाही डब्ल्यूएचओ १ देते, सीडीसीने ते २/३ केलंय. तांबी दोघांकडे २, इम्प्लांट आणि नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी दोघांकडे १, हार्मोनवाली तांबी म्हणजे लोक मिरेना म्हणतात ती, दोघांकडे १. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलंय की एसएस म्हणजे खुद्द सिकलसेलचा आजार असलेल्या पेशंटला माला-एन देत नाही, इतकी दुसरी साधनं असताना तो धोका कशाला. तांबी बसवायची तर सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं, आणि या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच खाली, तेव्हा तिच्याशी मोकळं बोलून, रक्त तपासून, फॉलोअप ठेवून.

पण त्याआधी एक गोष्ट पक्की करा की ती रुग्ण आहे की वाहक. आपल्या भागात 'मला सिकलसेल आहे' असं दोघी सारखंच सांगतात. कार्ड मागा, एएस (वाहक) लिहिलंय की एसएस (रुग्ण) ते बघा. नुसती सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह असेल तर त्यावरून फरक कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट लागतो. अ‍ॅपमधला आकडा आजारासाठी आहे, नुसत्या वाहकासाठी नाही, आणि वाहक असलेल्या चांगल्या तब्येतीच्या बाईला उगाच घाबरवून गोळीपासून तोडू नका. सिकलसेलच्या पेशंटला बाळंतपण किती जड जातं हे तुम्ही इथे लवकरच बघाल, त्यामुळे तिच्यापर्यंत वेळेत साधन पोहोचणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, आणि ती 'आमच्याकडे रिस्क नको, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) जा' एवढ्यावर सुटत नाही.

ज्यात अ‍ॅप कामाचं नाही तेही सांगते. छाया. लखनौच्या सीडीआरआयने काढलेली सेंटक्रोमनची गोळी, आपल्या सरकारी पुरवठ्यात आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. डब्ल्यूएचओच्या यादीत ती नाही, अमेरिकेच्याही नाही, कितीही शोधलं तरी सापडणार नाही, आणि सापडली नाही म्हणजे चालत नाही असा अर्थ काढू नका. तिच्यासाठी आरोग्य मंत्रालयाचं गोळ्यांचं रेफरन्स मॅन्युअल बघायचं, पीडीएफ फोनमध्येच ठेवा. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, अंगावर पाजणाऱ्या आईला देता येते. पण मॅन्युअलमध्ये पीसीओडी, नुकतीच झालेली कावीळ किंवा लिव्हरचा आजार, किडनीचा आजार, टीबीसारखा दीर्घ आजार यात देऊ नका असं आहे, म्हणजे वरच्या त्या टीबीवाल्या बाईला छायाही नाही.

अंतराच्या तारखेतही दोन पुस्तकं वेगळी बोलतात. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, पण बाई उशिरा आली तर आपल्या आणि डब्ल्यूएचओच्या हिशोबाने ठरलेल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत टेस्ट न करता, जास्तीची काळजी न घेता डोस देता येतो, सीडीसीच्या हिशोबाने दोनच आठवडे. सरकारी कार्यक्रमात आपण आपलं मॅन्युअल धरायचं. तेव्हा सीडीसीचं अ‍ॅप बघून तीन आठवडे उशिरा आलेल्या बाईला परत पाठवू नका.

बाळंतपणानंतरचं कोष्टक तर दिवसाला एकदा उघडावंच लागतं. अंगावर पाजणारी आणि सहा आठवड्यांच्या आतली असेल तर एकत्रित गोळी डब्ल्यूएचओप्रमाणे ४, सहा आठवडे ते सहा महिने ३, नंतर २. तांबी मात्र बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत १, मग चार आठवड्यांपर्यंत ३, आणि चार आठवड्यांनंतर परत १. म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी बोलणं राहून गेलं तर मधले दिवस हातातून जातात, म्हणून हे बोलणं लेबर रूममध्ये नाही तर एएनसीच्या म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीतच करायचं. आणि तांबीसाठी नवऱ्याची सही लागत नाही, हे स्टाफमध्ये अजूनही सगळ्यांना पटलेलं नसतं.

बीपी आणि अर्धशिशी. १४०/९० च्या वर एकत्रित गोळी ३, १६०/१०० च्या वर ४. औषधाने बीपी कंट्रोलमध्ये असलं तरी ३ च. अर्धशिशीत अ‍ॅप विचारेल ऑरा आहे का, आता ऑरा आहे का असं पेशंटला विचारून काय कळणार तिला, तेव्हा विचारायचं की डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं का, अर्धं दिसेनासं होतं का, हातात-तोंडात मुंग्या येतात का. हो असेल तर एकत्रित गोळी ४. नुसतं कडक उन्हातून आलं की डोकं चढतं म्हणत असेल तर ते वेगळं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ते कुणाचं चढत नाही.

आता ते 'पाळी आली की या'. माझ्या मते सगळ्यात जास्त बायका इथे सुटतात. भिवापूरकडून मिरची तोडणीची मजुरी बुडवून, एसटी बदलून, लेकरू कडेवर घेऊन आलेली बाई परत येईलच याची काय खात्री? एसपीआरमध्ये छोटी यादी आहे, दिवस गेलेले नाहीत हे बऱ्यापैकी खात्रीने कसं समजायचं त्याची. पाळी सुरू होऊन सात दिवसांच्या आत आहे, किंवा मागच्या पाळीपासून संबंधच आलेला नाही, किंवा आधीचं साधन नीट चालू आहे, किंवा गर्भपात होऊन सात दिवस झालेले नाहीत, किंवा बाळंत होऊन चार आठवड्यांच्या आत आहे, किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं, जवळजवळ पूर्ण अंगावर पाजते आणि पाळी आलेली नाही. यातलं एक जरी लागू असेल आणि गर्भाची काही लक्षणं नसतील तर त्याच दिवशी सुरू करा. गोळी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांनंतर सुरू केली किंवा इंजेक्शन सात दिवसांनंतर दिलं तर पुढचे सात दिवस निरोध वापरायला सांगा, झालं. यातलं काहीच लागू नसेल तर निदान टेस्ट करा, निरोध द्या, मोकळ्या हाताने पाठवू नका. आणि संबंध येऊन तीन दिवसांच्या आत असेल तर इमर्जन्सी गोळी आहेच, पाच दिवसांच्या आत असेल तर तांबीने तेही काम होतं आणि पुढची सोयही होते.

अजून एक लक्षात ठेवा, एमईसीचे आकडे पाळणा लांबवण्यासाठी आहेत. पीसीओडीसाठी किंवा पाळीत फार जातं म्हणून गोळी देताना हिशोब वेगळा असतो, तिथे फायद्याचं पारडं वेगळं, हाच आकडा तसाच लावू नका.

राहिला पेशंटसमोर फोन उघडायचा प्रश्न. उघडा, पण लपवून नाही. टेबलाखाली फोन धरून बघितलं की तिला वाटतं मॅडम व्हॉट्सअ‍ॅप बघताहेत. मी आधी सगळं विचारून घेते, तिच्याकडे बघून, सोबत आलेल्या बाईला दोन मिनिटं बाहेर बसवून, आणि मग सांगते की ताई, तुमच्या आजाराला काय काय चालतं ते यात बघते, आणि फोन दोघींच्या मध्ये ठेवते. अक्षर इंग्रजी आहे पण अमेरिकेच्या तक्त्यात १-२ हिरवं आणि ३-४ गुलाबी असं दिसतं, तेवढं कुणालाही समजतं. आजपर्यंत एकाही बाईने त्यावरून मला कमी लेखलेलं नाही, उलट शेजारणीने घाबरवलेलं असतं ना, की तांबी वर चढते, इंजेक्शनने मूल होत नाही, तेव्हा डॉक्टर पुस्तकात बघून सांगतेय याचा तिला आधार वाटतो. पेशंटचं नाव-गाव कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकायची गरज नसते, मागितलं तर ते अ‍ॅपच काढून टाका.

आणि सकाळी ओपीडी उघडायच्या आधी फार्मसिस्टला विचारून घ्या की अंतराच्या किती व्हायल आहेत, तांबी ३८० आहे की ३७५ आहे की संपलीय, छाया आलीय का. एक ३८० दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं, बाईला हे सांगावं लागतं. अ‍ॅपने १ दाखवलं आणि कपाट रिकामं असलं तर तिला काय उपयोग. जे तुमच्याकडे नाही त्यासाठी पाठवताना नुसतं 'डागाला (नागपूरच्या सरकारी स्त्री रुग्णालयात) जा' म्हणू नका, चिठ्ठीवर आजार, चालू औषधं, बीपी आणि तिने कोणतं साधन निवडलंय ते लिहून द्या, म्हणजे तिथे गर्दीत तिला पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागत नाही. एखाद्या पेशंटचं कोडं सुटत नसेल तर इथेच कमेंटमध्ये टाका, नाव-गाव न लिहिता, वय, बाळ किती महिन्यांचं, बीपी आणि चालू औषधं एवढं पुरे.